बंद मिलमधला सत्कार

माझे वडील उमरीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यामुळे लहानपणी मला इन्स्पेक्टर म्हणजे कुठला तरी सण वाटायचा. इन्स्पेक्टर येणार असला की आदल्या दिवशी जिनिंगचं अंगण पाण्यानं धुतलं जायचं, फाटकाला रंग लागायचा आणि वडिलांना कोरे करकरीत हातमोजे मिळायचे. वडील ते घालून दिवसभर काम करायचे. म्हणजे करायला बघायचे, कारण मोजे सगळे एकाच मापाचे असायचे आणि ते माप जिनिंगमधल्या कुणाच्याच हाताचं नव्हतं. संध्याकाळी इन्स्पेक्टरची जीप गेली की मुनीम टोपली घेऊन फिरायचा आणि मोजे गोळा करायचा. पुढच्या खेपेला तेच मोजे पुन्हा कोरे म्हणून बाहेर निघायचे.

मी एकदा वडिलांना विचारलं, "इन्स्पेक्टर काय करतो?"

"चहा पितो," ते म्हणाले. मग आपल्या हातून कुणावर अन्याय नको म्हणून त्यांनी भर घातली, "बिस्किट बी खातो."

पुढं मी इंजिनिअर झाले, परीक्षा दिली आणि मला नेमकी तीच नोकरी लागली. आईनं गल्लीभर पेढे वाटले. वडील एवढंच म्हणाले, "चहात साखर कमी सांगत जा. आपल्या घरात शुगर हाय."

आमचं कार्यालय नांदेडला आणि हद्द थेट लातूरपर्यंत. कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका होऊ नये, हे बघायचं आमच्या खात्याचं काम. कार्यालय भाड्याच्या इमारतीत होतं आणि छताचा गिलावा अधूनमधून खाली पडायचा. साहेबांनी त्यावर उपाय शोधला होता. गिलावा पडला की ते टेबल थोडं पुढं सरकवायचे. मी रुजू झाले तेव्हा त्यांचं टेबल दारापर्यंत आलं होतं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला पोट आत घेऊनच त्यांना नमस्कार करावा लागायचा.

पहिल्या काही दिवसांत मी कायद्याचं पुस्तक नीट वाचून काढलं. त्यात एक गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं. एखाद्या ठिकाणचं काम माणसाच्या जिवावर बेतेल असं दिसलं, तर इन्स्पेक्टरला ते तिथल्या तिथं थांबवता येतं. लेखी हुकूम द्यायचा आणि मशीन बंद. धोका दूर होईपर्यंत बंद. शिवाय तेवढ्या काळाची कामगारांची मजुरी मालकानंच द्यायची.

माझ्या शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक सहकारी बसायचे. मी त्यांना विचारलं, "आपण हे कितीदा वापरलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, ते आपल्याकडं आहे, हे मालकाला ठाऊक असलं म्हणजे झालं. वापरलं की दरारा जातो."

"म्हणजे कधीच वापरलं नाही?"

"दरारा अजून शाबूत आहे की," ते म्हणाले आणि परत डोळ्यांवर चष्मा चढवून पेपर वाचू लागले.

असेच काही महिने गेले. मग सुरक्षा सप्ताह आला. या सप्ताहात कारखान्यांमध्ये फलक लागतात, शपथा होतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात. उद्योजकांच्या एका मंडळानं लातूरच्या एका डाळमिलला 'आदर्श सुरक्षित कारखाना' असा मान द्यायचं ठरवलं होतं. कार्यक्रम मिलच्याच अंगणात होणार होता आणि आमचे साहेब प्रमुख पाहुणे होते. दोन दिवस आधी त्यांनी मला बोलावलं.

"लातूरला जाऊन एक नजर टाकून या," ते म्हणाले. "मंडप कुठं घालतायत, खुर्च्या सावलीत येतात का, ते बघा. मागच्या वर्षी ऊन थेट माझ्या डोळ्यांवर होतं."

मी लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला पोहोचले. मंडपाचं काम चालू होतं. खुर्च्या सावलीत येत होत्या. तेवढं बघून मी परत फिरले असते तर सगळ्यांचंच बरं झालं असतं. पण आदर्श कारखाना आतून कसा असतो हे मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून आत गेले.

मिल दिसायला खरोखर सुरेख होती. भिंतीभिंतीवर हिरव्या अक्षरांत सुविचार लिहिले होते. दारात एक काचेचं कपाट होतं आणि त्यात पिवळी हेल्मेटं ओळीनं मांडलेली होती, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं असते असं मी विचारलं, तेव्हा मिलचा मुनीम अभिमानानं म्हणाला, "मालकाच्या तिजोरीत. चोरीला जायला नको."

आत डाळ भरडायच्या चक्क्या, पलीकडं मोठ्या चाळण्या. चाळण्यांच्या मागं, भिंतीला लागून, एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत होता. त्याला तिथले लोक शाफ्ट म्हणतात. एका मोटरीवर तो फिरतो आणि त्याच्यावरच्या पुल्यांवरून पट्टे जाऊन सगळ्या चाळण्या हलतात. साधारण कमरेच्या खाली तो गरगर फिरत होता आणि त्याला जाळी नव्हती, कठडा नव्हता, काहीच नव्हतं. शाफ्ट आणि भिंत यांच्यामध्ये माणूस तिरका उभा राहील एवढीच फट. चाळणीतून सांडलेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, त्या फटीत साचायची. ती झाडून काढायला बायका वाकून शाफ्टखालून पलीकडं जायच्या. शाफ्ट फिरत असतानाच.

बायकांवर एक मुकादमीण होती. पन्नाशीची, अंगानं काटक, नाकातोंडाला पंचा गुंडाळलेला. मी तिला बाजूला बोलावलं.

"मावशी, इथून अशाच जाता तुम्ही?"

"पदर दातात धरायचा अन् जायचं," ती म्हणाली. "नव्या बाईला आदी त्येच शिकवते. दातात पदर असला की बोलता येत न्हाई, म्हणून आत कुणी बोलत न्हाई. मालक पाव्हण्यांना दाखवतो, बघा, आमच्याकडं शिस्त किती हाय."

"कुणाला कधी लागलं?"

ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "मागल्या साली एकीची येणी गेली. केस गेले, कातड्यासकट."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात मुनीमानं सांगितलं, घरी जिन्यावरून पडली."

"तिच्या घराला जिना आहे?"

"घरावर धड पत्रे न्हाईत मॅडम, जिना कुठला आलाय."

माझ्या कानांत एकदम त्या चाळण्यांचा खडखडाट वाढल्यासारखा झाला. मोटरीजवळ एक फिटर उभा होता. मी त्याला म्हणाले, "हे बंद करा."

"मालकाला इचारावं लागंल."

"बटण तर इथंच आहे."

"बटण इथं हाय, पण हात मालकाचा हाय," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, तो वस्तुस्थिती सांगत होता.

शेवटी बटण मीच दाबलं. शाफ्टचा वेग मंदावला, पट्टे फडफडले आणि मग सगळं गप्प झालं. पत्र्याखालच्या तुळईवर बसलेली कबुतरं घाबरून उडाली. गोंगाटात ती निवांत बसली होती, शांतता त्यांना सहन झाली नाही.

मालक शेठ त्यांच्या गार केबिनमध्ये होते. पांढरा झब्बा, कपाळावर गंध, बोलणं अगदी गोड. मशीन बंद झाल्याचं त्यांना कळलं होतं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आधी चहा आला, मग शेव आली, मग पेढे. मी साखर कमी सांगितली आणि हुकूम लिहायला घेतला. लिहून झाल्यावर शेठनी तो शांतपणे वाचला.

"मॅडम, यात 'तात्काळ' लिहिलंय. त्याऐवजी 'सोयीनुसार' चालेल का?"

"तात्काळच."

"बरं. आणि हे 'जीवितास धोका'. जीवित म्हणजे जरा जास्त होतंय. 'गैरसोय' म्हटलं तर?"

"शेठ, एका बाईची वेणी ओढली गेलीय इथं."

"ती घरी पडली होती," शेठ हळहळत म्हणाले. "जिन्यावरून. मी स्वतः सफरचंदं घेऊन गेलो होतो."

मी सांगितलं, शाफ्टला जाळी बसवा, चुनी काढायला बाहेरच्या बाजूनं सोय करा, मी येऊन बघते आणि लगेच हुकूम मागं घेते. एक वेल्डर लागेल, बाकी काही नाही.

"वेल्डर?" शेठनी कानांना हात लावला. "मॅडम, मिलमध्ये भुसा उडतो. एक ठिणगी पडली तर? सुरक्षा सप्ताहात मी एवढा धोका पत्करू?"

मी हुकमाची एक प्रत फाटकावर चिकटवायला गेले. तोवर बायका अंगणात येऊन उभ्या होत्या. मुकादमीण पुढं झाली. मघाशी माझ्याशी हलक्या आवाजात बोलणारी तीच बाई आता चांगली तापली होती.

"मॅडम, आमी तुमाला खरं काय ते सांगितलं, अन् तुमी आमचंच पोट बंद केलं?"

"मावशी, बंद आहे तेवढ्या दिवसांची मजुरी मालकानं द्यायचीय. कायदा आहे तसा."

बायका हसल्या. त्या हसण्यात राग होता, पण त्याहून जास्त कीव होती. "बाई लई शिकलेली दिसती," मागून कुणीतरी म्हणालं.

मुकादमिणीनं फाटकावरच्या कागदाकडं बोट केलं. "काय लिवलंय त्याच्यावर?"

मी वाचून दाखवलं. "सदर यंत्राच्या परिसरात कामगारांना कामास ठेवण्यास पुढील आदेशापर्यंत प्रतिबंध करण्यात येत आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे मशीन चालू असताना आत जायचं नाही."

"मग तसं लिवायचं की."

मला ते पटलं. मी पर्समधून पेन काढलं आणि हुकमाच्या खाली, शिक्क्याच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मशीन चालू असताना आत जाऊ नका. बंद दिवसांची मजुरी मालकाकडून घ्या.' आणि खाली माझा फोन नंबर. मग ते बायकांना वाचून दाखवलं. सरकारी कागदावर असं लिहायची पद्धत नाही. पण सरकारी कागद कुणाला समजावा अशीही फारशी पद्धत नाही.

मी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच साहेबांचा फोन आला. शेठनी मंडळाच्या अध्यक्षांना लावला होता, अध्यक्षांनी आणखी कुणाला, आणि तिथून तो साहेबांवर येऊन आदळला होता.

"तुम्हाला खुर्च्या बघायला पाठवलं होतं," साहेब म्हणाले.

"खुर्च्या सावलीत आहेत सर."

"तो हुकूम मागं घ्या. परवा मी त्याच मिलला बक्षीस द्यायला येतोय. आपल्याच खात्यानं बंद केलेल्या मिलला आदर्श म्हणू का मी?"

"मागं घेते सर. तुम्ही तसं लेखी कळवा."

पलीकडं टेबल सरकल्याचा आवाज आला. "लेखीचं नंतर बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोड्याच वेळात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांचा फोन आला. त्यांच्या आवाजात काळजी होती. "वापरलं म्हणे तुम्ही? आता दरारा गेला मॅडम. आता खरंच वापरत बसावं लागेल."

मी दोन दिवस लातूरलाच माझ्या सख्ख्या मावशीकडं राहिले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मिलवर गेले, तेव्हा फाटकावर झेंडूची भलीमोठी कमान उभी होती. माझा हुकूम कुणी फाडला नव्हता. सरकारी कागद फाडणं गुन्हा आहे, हे शेठना माहीत होतं. त्यांनी फक्त त्याच्यावरून फुलांच्या माळा सोडल्या होत्या.

साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी माझ्याकडं न बघता माझा नमस्कार घेतला. मिलमधल्या बायकांना पुढच्या रांगांत बसवलं होतं. चांगली लुगडी नेसून या, असं मुनीमानं बजावलं होतं. त्या दिवसापुरती कपाटातली हेल्मेटं बाहेर आली होती आणि बायकांच्या डोक्यांवर बसली होती. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र काढल्या नव्हत्या, कारण हेल्मेटं परत कपाटात जायची होती. वारा आला की पुढच्या रांगांतून नुसता चुरचुर आवाज यायचा.

आता आपलीच बंद मिल शेठ आदर्श कशी ठरवणार, याची मला खरंच उत्सुकता होती. शेठ माइकसमोर आले.

"मंडळी, आज तुम्हाला मिलचा आवाज येत नाही," ते म्हणाले. "का येत नाही? कारण या सुरक्षा सप्ताहात आम्ही स्वखुशीनं उत्पादन बंद ठेवलंय. नुकसान सोसून! माणसाच्या जिवापुढं डाळीची काय किंमत? अशी दुसरी मिल मराठवाड्यात दाखवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी डोळे टिपले. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण वितळून गेला आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. पुढं निवेदकानं माझंही नाव पुकारलं. "ज्यांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली हा उपक्रम राबवला गेला" असं म्हणत मला व्यासपीठावर नेलं. शेठनी स्वतःच्या हातानं मला शाल पांघरली, नारळ दिला आणि हात जोडले. मी ज्याची मिल बंद केली त्याच्या हातून, बंद मिलमध्ये, मिल बंद केल्याबद्दल माझा सत्कार झाला. नारळ हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. कुणी बोलायला सांगितलं नाही.

मग शपथ झाली. उजवा हात पुढं करून सगळे म्हणाले, मी सुरक्षेच्या सर्व नियमांचं पालन करीन. मुकादमिणीचा हात पुढं होता, ओठ मात्र मिटलेले होते.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांचं जेवण शेठच्या घरी होतं. मला आग्रह झाला, पण मी नको म्हणाले. मी शाल घडी करून पिशवीत टाकली आणि रिक्षानं बसस्टँडवर आले. नांदेडची गाडी लागायची होती. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी मुकादमीण बोलायले. मिलची. फाटकावर तुमचा लंबर हाय."

"बोला मावशी."

"तुमी गेल्या अन् मुनीमानं मशीन लावलं. टायल हाय म्हणला, चालवून बघायचंय. टायल म्हणून बायांना चुनी काढायला आत धाडलं. माझा पदर गेला मॅडम."

"लागलं का तुम्हाला?"

"न्हाई. दातात धरला व्हता. तेवढ्यात मुनीमानं हाक मारली, अन् मी हाव म्हणले. हाव म्हणायला तोंड उघडलं अन् पदर सुटला. मुनीम म्हणला व्हता चांगलं लुगडं नेसा. माझ्याकडं नव्हतं, म्हणून जुनंच नेसले. जुनं व्हतं म्हणून टराटरा फाटलं. माझ्या मागं जी व्हती ती नव्या नायलॉनच्या साडीत व्हती. ती पुढं असती तर..."

मी दुसरी रिक्षा पकडली आणि आल्या पावली परत फिरले.

मिलवर पोहोचले तर मशीन बंद होतं आणि सगळ्या बायका मंडपात बसल्या होत्या. सकाळी पाहुणे ज्या खुर्च्यांवर बसले होते त्याच गादीच्या खुर्च्यांवर, सावलीत. काहींच्या मांडीवर अजून हेल्मेटं होती. मुकादमीण मधोमध बसली होती. कमरेपासून वर तिनं कुणाचा तरी टॉवेल गुंडाळून घेतला होता. तिची मान ताठ होती. मुनीम तिच्यासमोर उभा राहून गयावया करत होता.

"अगं, मालक जेवायला बसलेत. ते यायच्या आत दोन पोती तरी होऊ द्या."

"आमी आत येत न्हाई."

"हुकूम मिलला आहे, तुम्हाला नाही."

मुकादमीण उठली, फाटकापाशी गेली आणि झेंडूच्या माळा बाजूला सारल्या. तिला आकड्यांपलीकडं काही वाचता येत नव्हतं, पण मी पेनानं लिहिलेल्या ओळी कुठल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिथं बोट ठेवून ती म्हणाली, "मशीन चालू असताना आत जाऊ नका. हे आमालाच लिवलंय. आमी सरकारचा कागद पाळायलो. तुला पाळायचा नसंल तर तू जा आत, अन् चुनी काढ."

मुनीमानं शाफ्टच्या दिशेनं बघितलं आणि तो गेला नाही.

मी साहेबांना फोन केला. ते शेठच्याच घरी जेवत होते, त्यामुळं दोघं एकाच गाडीतून आले. शेठ उतरता उतरताच बोलू लागले, "मॅडम, फक्त ट्रायल होती. जाळी कुठं बसवायची, हे मशीन चालवल्याशिवाय कळणार कसं?"

सकाळी साहेब व्यासपीठावरून थेट गाडीत बसले होते, मिलच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आता ते चाळण्यांच्या मागं गेले आणि मी त्यांच्यामागं. शाफ्टवर लुगड्याचा काठ घट्ट गुंडाळला गेला होता. हिरवा काठ, ग्रीसनं काळा झालेला, दोरासारखा पिळलेला. एक चिंधी खाली लोंबत होती. साहेबांनी ती दोन बोटांत धरून ओढून बघितली. ती निघेना.

मी त्यांना आजवर टेबल सरकवतानाच बघितलं होतं. या माणसानंही कधीतरी तरुणपणी असे कारखाने पालथे घातले असतील, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते वळले तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"शेठ, वेल्डर बोलवा."

"साहेब, ताट वाढलेलं आहे. आपण जेवण उरकून..."

"जेवण राहू द्या. वेल्डर बोलवा."

मग त्यांनी फिटरकडून मेन स्विचमधले फ्यूज काढून घेतले आणि माझ्या हातात दिले. "हे तुमच्याकडं ठेवा. जाळी बघितल्याशिवाय देऊ नका." मी ते फ्यूज सत्काराच्या शालीत गुंडाळले. त्या शालीचा मला झालेला तेवढाच उपयोग.

वेल्डर मिलच्याच बोळात राहत होता. लोखंडी पट्ट्या आणि जुनी जाळी मिलच्या मागच्या भंगारातच पडली होती. भुसा झाडून घेतला, पाण्याच्या बादल्या आणि ओली पोती जवळ ठेवली आणि काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शाफ्टवर सलग जाळी बसली. चुनीसाठी खाली उतरता पत्रा लावला, त्यामुळं ती आपोआप बाहेरच्या बाजूला येऊ लागली आणि त्या फटीत जायचं कुणाला कारणच उरलं नाही. मी सगळं बघून हुकूम मागं घेतला आणि फ्यूज परत दिले. शेठनी जाळीवरून हात फिरवला.

"एवढंच होतं होय?" ते म्हणाले.

"एवढंच."

"मग आधीच सांगायचं की मॅडम!"

बंद दिवसांची मजुरी बायकांनी सोडली नाही. मुकादमीण रोज शेठच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची. ओरडणं नाही, भांडण नाही. पाहुणा आला की त्याला रामराम करायची आणि आपण कशासाठी उभ्या आहोत ते सांगायची. शेठनी शेवटी पैसे दिले, पण मजुरी म्हणून नाही. 'सुरक्षा सप्ताहानिमित्त महिला कामगारांचा गौरव' म्हणून फोटो काढून दिले. पेपरात बातमी आली की एका उद्योजकानं स्वतःहून मिलमध्ये जाळी बसवून नवा आदर्श घालून दिला. फोटोत शेठ होते, साहेब होते. साहेबांनी ते कात्रण कार्यालयात लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, जाळी पाहिजे." मी मान डोलवायचे. एका परीनं ते खरंच होतं. त्यांनी काठ बघितला तो त्यांचा मिलच्या आतला पहिलाच दिवस होता.

ज्या बाईचे केस गेले होते, तिच्यासाठी मात्र आम्हाला काही करता आलं नाही. मी तिच्याकडं जाऊन आले. डोक्यावरून पदर घट्ट ओढून ती बसली होती. तुमचा जबाब घेते, नव्यानं चौकशी लावते, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "माझी बहीण अजून त्याच मिलला हाय मॅडम. ऱ्हाऊ द्या." मी दोनदा गेले, तिनं दोन्ही वेळा चहा दिला आणि तेच सांगितलं.

नंतर काही आठवड्यांनी मुकादमिणीचा परत फोन आला. आता तिनं माझा नंबर पाठच केला होता.

"मॅडम, आमच्या बोळातल्या पल्याडच्या मिलमदी माझी नणंद हाय. तिथंबी तसंच हाय. लातूरला कवा येणार?"

मी पुढच्याच आठवड्यात गेले. त्या मिलच्या मालकाला सगळी हकिकत आधीच कळलेली होती. त्यानं हसत स्वागत केलं आणि सरळ मशीनपाशी नेलं. तिथं फिरत्या शाफ्टवर हिरव्यागार रंगाची चकचकीत जाळी होती. मालक छाती पुढं काढून म्हणाला, "सांगायची वेळच येऊ दिली नाही बघा." मी वाकून बघितलं. ती जाळी लाकडी खोक्याच्या फळ्या फोडून केलेली होती आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या खांबांना सुतळीनं बांधलेली. रंग अजून ओला होता, माझ्या बोटांना लागला. चाळणीच्या पलीकडं एक बाई पदर दातात धरून वाकली होती. तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, पण ती मला ओळखत असावी, कारण तिनं पदर न सोडता डोळ्यांनीच मला मोटरीचं बटण दाखवलं.

"मॅडम, आधी चहा घेऊ," मालक म्हणाला.

"घेऊ की," मी म्हणाले, आणि बटणाकडं गेले.